वीतभर कमी

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता निरीक्षकांनी हातमागाच्या पुढच्या रुळाशी खुर्ची ओढली, खिशातून पोलादी पट्टी काढली आणि कापडाच्या काठाला लावलेले लाल दोरे मोजायला सुरुवात केली. दोरे त्यांच्या थोरल्या सुनेनेच घातले होते, विणता विणता, दर पंचवीस सेंटिमीटरला एक. विणलेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जात असल्यामुळे त्याची सगळी लांबी एकदम कधीच दिसत नाही. दोरे मोजायचे आणि पंचविसाने गुणायचे. ही पद्धत निरीक्षकांना तत्त्वतः मान्य होती. तरीही गुंडाळीबाहेर दिसणाऱ्या शेवटच्या दोन दोऱ्यांमधले अंतर त्यांनी स्वतः तपासले. पंचवीस. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

“आठ दोरे,” ते म्हणाले. “आठ पंचविसे दोनशे. दोन मीटर भरलं. कापायला हरकत नाही.”

वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती. बाजारात त्यांना ‘काटा’ म्हणत, आणि तराजूचा की पायात रुतणारा याचा खुलासा कुणी केला नव्हता. घरात त्यांच्या रागाला, आवडीनिवडीला, राजकीय मतांना वेळोवेळी विरोध झाला होता. मापाला कधीच नाही.

दारात उभ्या असलेल्या धाकट्या मुलाने घड्याळ पाहिले. तो एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता. त्याच्या बायकोला सातवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती. तळमजल्यावरची ही मागाची खोली मिळाली तरच ती बाळंतपणापर्यंत इथे राहू शकणार होती. भाड्याच्या घरातले सामान घेऊन टेम्पो अडीच वाजता निघणार होता. मागणी रास्त होती. घरातली बरीचशी भांडणे मिटत नाहीत ती मागण्या रास्त असतात म्हणूनच.

“चला, सुटलो,” तो म्हणाला. “आई, कात्री कुठंय?”

त्याची आई, निरीक्षकांची बायको, कात्री घेऊनच आली होती.

थोरली सून मागाच्या फळीवर बसून होती. तिने पाय मागाच्या खालच्या, पायाने दाबायच्या पट्ट्यांवरून उचलले नव्हते. “बाबा, वीतभर कमी आहे,” ती म्हणाली.

निरीक्षकांनी चष्म्यावरून पाहिले. “वीत हे माप नाही.”

“माझ्यासाठी आहे.”

“कुणाची वीत?”

“माझीच. दुसऱ्याची कुठून आणू?”

“हात पुढे कर.”

तिने डावा हात मागाच्या चौकटीवर पालथा टेकवून ताणला. त्यांनी अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावली, नख वगळले आणि आकडा सांगितला. “अठरा. म्हणजे मी दोनशे मोजले ते दोनशे नाहीत, असं तुझं म्हणणं?”

“दोनशेच आहेत. पण मागावर. ताण्याचे उभे दोरे दोन्ही रुळांमध्ये ओढून धरलेले असतात. कापला की ताण जातो आणि कापड आखडतं. शंभराला आठ. खाली उतरलं की एकशे चौऱ्याऐंशी भरेल.”

“वहिनी, आठ टक्के?” धाकटा म्हणाला. “साबणाची वडीसुद्धा इतक्या घाईनं झिजत नाही.”

“साबण कुणी ताणून धरत नाही, भाऊजी.”

निरीक्षकांनी मागावर ठेवलेली विणकाम प्रशिक्षण केंद्राची पुस्तिका उचलली. अंतिम परीक्षेचे नियम तिसऱ्या पानावर होते आणि त्यांनी ते मोठ्याने वाचले. “‘परीक्षार्थीने स्वतः विणलेले कापड, लांबी किमान दोन मीटर.’ विणलेले. उतरवलेले असा शब्द इथे नाही.”

“मोजतात मात्र टेबलावर ठेवून, बाबा. गेल्या तुकडीत एकीचं तीन बोटं कमी भरलं. परत पाठवली तिला.”

“पुन्हा बसता येतंच की परीक्षेला.”

“दीड वर्षाने. जागा उद्याच भरणार आहेत.”

जागा हा शब्द त्या खोलीत गेल्या महिन्याभरात प्रथमच मोठ्याने उच्चारला गेला. केंद्राची नवीन शाखा बसने चार तासांवरच्या गावात उघडत होती. बारा मागांची शाळा, तिथे शिकवायला एक निदेशिका, आणि निदेशिकेला राहायला शाळेमागे दोन खोल्या. थोरलीला त्या जागेचे पत्र आले होते. अट एकच, सोमवारी दहा वाजता परीक्षेचे कापड मंजूर होण्याची. पत्र फडताळावर उघडे पडून होते. ते प्रत्येकाने वाचले होते, आणि प्रत्येकाने एकटे असताना. आजची बैठक खोलीविषयी आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते, कारण खोलीविषयी बोलणे सोपे होते.

“अहो,” सासूबाई कात्री पदराला पुसत म्हणाल्या, “ताणून मोजतो म्हणून तुम्ही त्या कापडवाल्यावर खटला भरला होतात ना? तीन तारखांना गेला होतात. डबा मी दिला होता.”

“ते प्रकरण वेगळं. कापड सुटं होतं, आणि तो गिऱ्हाइकासमोर हातानं ओढत होता. इथं कुणी ओढत नाहीये.”

“माग ओढतोय की.”

“तू यात पडू नकोस.”

सासूबाईंना यात पडायचे नव्हतेच. त्या धाकट्याच्या बाजूच्या होत्या. खटल्याची आठवण पक्ष घेण्यासाठी नव्हती, नुसतीच आठवण होती. पण बोललेले वाक्य परत घेता येत नाही, आणि निरीक्षकांच्या मानेवरची शीर जराशी वर आली ती त्यांनी पाहिली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या शिरेचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. ती चूक झाल्यावर येत नसे, चुकीची शंका आल्यावर येई.

“ठीक आहे,” निरीक्षक म्हणाले. “प्रयोग करू. मागच्या रुळाची खीळ काढ, ताण सैल कर, मी पुन्हा मोजतो.”

“नाही, बाबा.”

“का?”

“एकदा सैल केलं आणि परत ताणलं, की त्या जागी आडवी रेघ उमटते. ती जात नाही. परीक्षकाला आधी तीच दिसते.”

“म्हणजे दावा आहे, पण तपासायचा नाही.”

“तपासता येतो. कापल्यावर.”

“कापल्यावर तपासून काय करायचं?”

“मी तेच म्हणतेय.”

धाकट्याला हसू आले आणि त्याने ते खोकल्यात घातले. निरीक्षकांनी पट्टी मांडीवर आडवी ठेवली. समोरची बाई कापायलाही नको म्हणत होती आणि सैल करायलाही. मात्र तिच्या बोलण्यात विसंगती नव्हती, हे त्यांना नाइलाजाने नोंदवावे लागले. “याआधी कधी मोजलं आहेस? कापण्यापूर्वी आणि नंतर?”

“अकरा वेळा.”

“साक्षीदार?”

“हे होते. दर वेळी टेपचं टोक ह्यांनीच धरलं.”

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे, थोरल्याकडे पाहिले.

*

थोरला एका कारखान्याच्या नकाशा विभागात ड्राफ्ट्समन होता. सकाळपासून तो खिडकीशी उभा होता आणि खिडकीचे बिजागर तपासत असल्यासारखे करत होता. बिजागर उत्तम स्थितीत होते.

त्याला सगळे आठवत होते. पहिला नमुना कापला तेव्हा आकडा कमी आला म्हणून ती हिरमुसली होती, आणि त्यानेच म्हटले होते की चूक नाही, हा गुणधर्म आहे, पुढच्या वेळी दोन्ही मापे लिहून ठेव. मग पुढच्या वेळी, आणि त्याच्या पुढच्या वेळी, जेवणाचे टेबल मोकळे करून दोघांनी टेप धरला होता. ती आकडा सांगे. दर खेपेला कापड आपल्या खऱ्या लांबीवर येऊन थांबे आणि दोघांना त्याची गंमत वाटे. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर नवराबायकोने एकत्र करण्याजोगे काही नवे सापडणे ही तशी दुर्मीळ गोष्ट.

पण आत्ता वडिलांनी विचारलेला प्रश्न आखडण्याचा नव्हता. उत्तर ‘हो’ असेल तर ती आणखी वीतभर विणेल, सोमवारी कापड मंजूर होईल आणि पंधरा दिवसांत ती चार तासांवर जाऊन राहील. मुलगी वसतिगृहात होती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मग तो एकटा. उत्तर ‘नाही’ असेल तर ते खोटे ठरेल. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे उत्तर असते, जे खोटे सिद्ध करता येत नाही.

“अरे, तुला विचारतोय,” निरीक्षक म्हणाले. “कमी भरायचं का?”

“मी टोक धरायचो,” थोरला म्हणाला. “आकड्यांकडे लक्ष नव्हतं माझं.”

“एकदाही नाही?”

“आठवत नाही.”

थोरलीने त्याच्याकडे पाहिले. फार वेळ नाही. विणताना धोटा हातातून सुटला तर तो कुठे गेला हे पाहण्याइतकाच. मग तिने पट्ट्यांवरचे पाय काढून घेतले.

“झालं तर मग,” धाकटा म्हणाला, पण त्याच्या आवाजात विजयाचा सूर नव्हता. तो भावाकडे पाहत होता.

*

बारकी कपाटाला टेकून उभी होती. ती दोन भावांमधली बहीण. बारकी हे नाव तिला पाळण्यात मिळाले होते आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी, पंच्याऐंशी किलो वजन असतानाही, कुणी ते दुरुस्त केले नव्हते. घरात एक वजनमापे निरीक्षक असूनही, असे ती स्वतःच म्हणे.

मागाचा तिला त्रास होता. दोन वर्षे दुपारची झोप त्या खटखटीने खाल्ली होती. वहिनी केंद्रावर गेली की स्वयंपाकघर तिच्या गळ्यात पडे. वहिनी कायमची गेली तर कायमचे पडेल, हा हिशेब तिने पत्र वाचले त्याच दिवशी केला होता. आज ती बाबांच्या मापाच्या बाजूने होती आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हते.

पण ‘आठवत नाही’ हे शब्द तिने पूर्वी एकदा ऐकले होते. अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या घरात, अशाच भरल्या खोलीत. तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिच्या नवऱ्याला एक प्रश्न विचारला होता; प्रश्न साधा होता आणि उत्तर त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हते. तो म्हणाला होता, आठवत नाही. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा लाज नव्हती, भीतीही नव्हती. एक प्रकारची टापटीप होती, कागद एकसारखे करून फायलीत लावल्यावर असते तशी. बारकी त्याच संध्याकाळी माहेरी आली. दादाच्या चेहऱ्यावर आत्ता तीच टापटीप होती, आणि तो दादा होता, ज्याने तेव्हा स्टेशनवरून तिची पेटी उचलून आणली होती.

ती बाहेर गेली. जिना चढताना तिची धाप खालपर्यंत ऐकू आली. परतली तेव्हा तिच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

“वन्सं, ही कुठे मिळाली?” थोरलीने विचारले.

“तुझ्या शिवणाच्या डब्याखाली. तू मला सुई आणायला पाठवतेस तेव्हा मी फक्त सुईच बघते असं वाटतं का तुला?” तिने वही निरीक्षकांच्या मांडीवर टाकली. “बाबा, तुम्ही माणसांना विचारत बसू नका. तुम्ही आकडे बघा.”

“बारकी,” थोरला म्हणाला.

“काय, दादा? तुला तर आठवत नाही. मग घाबरतोस कशाला?”

*

वहीत अकरा ओळी होत्या आणि दोन रकाने. एकाच्या डोक्यावर ‘मागावर’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘सुटे’. निरीक्षकांनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी. पाचव्या ओळीपाशी ते थांबले.

177, आणि त्यासमोर 163.

शब्द सुनेच्या अक्षरात होते. आकडे तिच्या हातचे नव्हते. आकडे आराखड्यावर लिहावेत तसे सरळ, एका उंचीचे, जणू खाली अदृश्य रेघ आखलेली. आणि प्रत्येक साताच्या पोटात एक आडवी रेघ होती, एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. असे सात या घरात एकच माणूस काढतो. निरीक्षकांनीच त्याला ती रेघ शिकवली होती, तो आठवीत असताना, कारण त्यांच्या मते अर्धे खोटे व्यवहार वाईट अक्षरामुळे होतात.

अकराही ओळींतले आकडे त्याचे होते. आकड्यांकडे लक्ष नसलेल्या माणसाने अकरा वेळा मिळून बावीस आकडे लिहिले होते.

निरीक्षकांनी मान वर केली नाही. पुरावा पुढे आला की तो खोलीत मांडायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. पण साक्षीदार मुलगा असला तर काय करायचे, याचे कलम त्यांच्या कायद्यात नव्हते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वहीच्या शेवटच्या पानावर भागाकार सुरू केले. अकरा भागाकार व्हायला बारा मिनिटे लागली. कुणी बसले नाही.

“कमीत कमी सात पूर्णांक सहा टक्के,” ते शेवटी म्हणाले. “जास्तीत जास्त आठ पूर्णांक चार. मधली बहुतेक आठच्या आसपास. हिचं बरोबर आहे.” त्यांनी घसा साफ केला. “माझं माप बरोबर होतं. मोजायची वेळ चुकीची होती.”

“म्हणजे चुकलातच की,” सासूबाई म्हणाल्या.

“वेळ चुकली म्हणालो मी.”

“बरं. वेळेला सांगा मग माफी मागायला.”

निरीक्षकांनी तिकडे दुर्लक्ष केले. “सूनबाई, तुझी वीत अठराची. पण सगळ्यात वाईट नमुना धरला तर अठरा पुरत नाहीत, तीन मिलिमीटर कमी पडतात. एकोणीस घे.”

“घेते, बाबा.”

“किती वेळ?”

“नक्षी बारीक आहे. तासाला पाच सेंटिमीटर. पावणेचार तास धरा.”

“बाबा, टेम्पो!” धाकटा म्हणाला.

“टेम्पोला चाकं आहेत, तो थांबू शकतो. कापड कापल्यावर थांबत नाही.” निरीक्षक उठले. वही त्यांनी सुनेला परत दिली नाही. ती घेऊन ते थोरल्यासमोर गेले, पाचव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि ते फक्त इतकेच म्हणाले, “अक्षर अजून चांगलं आहे तुझं.”

थोरल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. धाकट्याने ते वाक्य कौतुक समजून घेतले. बारकीने नाही.

*

विणण्याचा आवाज नियमित असतो: पट्टी दाबली की ताण्याचे दोरे दोन थरांत उघडतात, मधून बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा घेऊन धोटा जातो, फणी पुढे येऊन तो दोरा ठोकून बसवते. एका सेंटिमीटरला असे बावीस दोरे. एकोणीस सेंटिमीटरला चारशे अठरा. थोरली हे मोजत नव्हती. तिचे हात मोजत होते.

टेम्पो पावणेतीनला आला. पलंग, कपाट, दोन खुर्च्या आणि गाद्यांची वळकटी ओसरीवर उतरली. चालकाला पुढचे भाडे होते. बारकीने त्याला तीन वेळा चहा पाजला आणि घरातल्या प्रत्येकाच्या वजनाविषयी निरीक्षकांचे काय मत आहे ते ऐकवले, तेव्हा तो जायचे विसरला. धाकट्याने बायकोला फोन करून सांगितले की उशीर होईल. का, या प्रश्नाला तो म्हणाला, “वीतभर कमी पडलं.” आणि पलीकडून काय ऐकू आले कुणास ठाऊक, पण तो म्हणाला, “नाही गं, पलंग नाही. पलंग बसतो.”

सासूबाई खोलीत स्टूल घेऊन बसल्या होत्या. कात्री अजून मांडीवर होती. सून किती भरभर विणते आहे ते त्या दोन वर्षांत प्रथमच सबंध पाहत होत्या. आतापर्यंत त्यांनी खोलीत डोकावून हाक मारली होती, आणि हाक मारली की माग थांबत असे. त्यामुळे चालता माग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

“हाक मारली तर थांबशील?” त्यांनी अचानक विचारले.

“आज नाही थांबणार, आई.”

“बरं.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तू गेलीस की ह्याचं कसं?”

“कुणाचं?”

“माझ्या मुलाचं. आणखी कुणाचं?”

धोटा उजवीकडून डावीकडे गेला. “आई, तुम्हाला दोन मुलगे. एकालाही धड चहा करता येत नाही. हे मी जाण्याच्या आधीपासूनचं आहे.”

“येतो थोरल्याला. मुद्दाम वाईट करतो.”

फणीचा एक ठोका चुकला आणि थोरली हसली. तिने तो दोरा काढून पुन्हा घातला. सासूबाईही हसल्या, पण त्यांचे हसणे लवकर आटोपले. आपण दोन वर्षे ही विद्या म्हणजे विरंगुळा धरली, हे त्यांच्या लक्षात येत होते. विरंगुळ्याला कुणी नोकरी देत नाही, दोन खोल्या देत नाही. आणि चुलीपाशी उभे राहून त्यांनी स्वतः केलेल्या कामाला आजवर कुणी लांबी-रुंदी विचारली नव्हती; कमी पडले तेव्हाच ते दिसले होते.

“तिथे बारा माग आहेत ना?” त्या म्हणाल्या.

“बारा.”

“म्हणजे बारा जणी.”

“एका वेळी. वर्षाला दोन तुकड्या.”

सासूबाईंनी मनात गुणाकार केला आणि कात्री सुनेच्या हाताला येईल अशी मागाच्या चौकटीवर ठेवून त्या ओसरीवर गेल्या. धाकट्याला त्या म्हणाल्या, “उन्हात उभा राहू नकोस. तिचं होईपर्यंत काही उचलायचं नाही.” त्याला वाटले आई आपली काळजी करते आहे. काही अंशी ते खरेही होते.

*

सव्वातीनला थोरलीने धोटा खाली ठेवला. कुणाला बोलावले नाही; आवाज थांबल्यामुळेच सगळे आले. तिने कात्री घेतली आणि ताण्याचे दोरे डावीकडून उजवीकडे कापत गेली. प्रत्येक झुबका तुटताना कापड किंचित मागे सरकत होते. शेवटच्या झुबक्याला ते सबंध सैलावले.

जेवणाच्या टेबलावर कापड पसरल्यावर धाकटा सुरकुती काढायला पुढे झाला. “हात लावू नकोस,” निरीक्षक म्हणाले. “दहा मिनिटं पडू दे. त्याला स्वस्थ होऊ दे.”

दहा मिनिटे सहा माणसे एका कापडाभोवती उभी होती. मग निरीक्षकांनी पोलादी पट्टी पुढे केली, स्वतःसाठी नाही, सुनेपुढे. तिने मोजले. दोनदा मोजले, कारण त्यांनी तसे करायला सांगितले असते.

“दोनशे एक,” ती म्हणाली. “आणि पाच मिलिमीटर.”

“लिहा कुणीतरी,” बारकी म्हणाली, आणि भावाकडे पाहिले.

थोरल्याने वही घेतली. बाराव्या ओळीत त्याने 219 लिहिले आणि त्यासमोर 201.5. लिहिताना त्याचा हात नेहमीइतकाच स्थिर होता.

मग खोली मोकळी करायची होती. कुणाला वाटत होते की माग उचलून अंगणात ठेवायचा. तो दारातून जाणार नाही हे थोरलीने सांगितले, कारण तो आतच जोडला होता. तिने फडताळाखालून पाना आणि हातोडी काढली आणि खालच्या आडव्या दांड्याच्या नटापासून सुरुवात केली. धाकटा आणि बारकी पलंगाकडे गेले. खोलीत नवराबायको उरली.

“मला आठवत होतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मी खोटं बोलणार हे माहीत होतं?”

“ते नव्हतं माहीत.” तिने नट खिशात टाकला. “ही बाजू धरा. उचलू नका, नुसती धरा.”

त्याने धरली. दुसरा नट घट्ट होता. तिने पान्यावर हातोडीचा ठोका दिला आणि तो सुटला.

“मग माझं नाव कशाला घेतलंस?”

“तुम्ही होता तिथे म्हणून.”

यात रागाचा अंश असता तर त्याला उत्तर सुचले असते. त्याने चौकट दुसऱ्या हातात घेतली. “बाबांनी ऐकलं नसतं तर?”

“तरी विणलं असतं. कात्री आईंच्या हातात होती, माग माझ्या. आधी त्यांना मला उठवावं लागलं असतं.” तिने वरचा दांडा खाली उतरवला आणि भिंतीला टेकवला. “तुम्ही खरं सांगितलं असतं तर फक्त बरं वाटलं असतं.”

बाहेर पलंगाचा एक पाय दाराला अडकला होता आणि धाकटा बारकीला ‘तिरका, तिरका’ म्हणत होता. बारकी विचारत होती की तिरका म्हणजे कुणाच्या दृष्टीने.

“चार तासांचा रस्ता आहे,” थोरला म्हणाला.

“हो.”

“शनिवारी येत जाशील?”

“एखाद्या शनिवारी मी येईन. एखाद्या शनिवारी तुम्ही या. बस दोन्ही बाजूंनी धावते.”

तो बराच वेळ चौकटीची मोकळी बाजू धरून उभा राहिला, जरी ती आता कशालाच जोडलेली नव्हती आणि धरण्याची गरज उरली नव्हती. तिने ते त्याला सांगितले नाही.

“पहिली बस किती वाजता सुटते?” त्याने विचारले.

“कुठून?”

“इथून.”

“सव्वासहा,” ती म्हणाली, आणि पुढच्या नटाला पाना लावला.